ताबोच्या अलीकडे

आमच्या ताईचे माझ्याविषयी एक मत आहे. घरात शहाणा म्हणावा असा हा एकच माणूस! गेली चाळीस-बेचाळीस वर्षे, कसल्याही पुराव्याची अपेक्षा न ठेवता, ती हे मत सांभाळून आहे. त्यामुळे तिच्या चिरंजीवांनी, म्हणजे आमच्या भाच्याने, भर फेब्रुवारीत आपली जीप घेऊन स्पितीला जायचा बेत जाहीर केला, तेव्हा तिने डोंबिवलीहून पुण्याला मला फोन लावला आणि एवढेच सांगितले, "तू बरोबर जाणार असलास तर जाऊ दे त्याला. नाहीतर नाही."

आता माझी योग्यता ऐका. मी कॉलेजात मराठी शिकवतो. प्रवासवर्णन हा वाङ्मयप्रकार दुसऱ्या वर्षाला माझ्याकडेच असतो. पण प्रत्यक्ष प्रवास म्हणाल तर अष्टविनायक, कोकण आणि परीक्षक म्हणून केलेल्या नगर-सोलापूरच्या वाऱ्या. मोटार मला चालवता येत नाही. थंडी म्हणजे महाबळेश्वरची, आणि बर्फ म्हणजे रसवंतीच्या दारात गोणपाटाखाली झाकलेली लादी. आपल्या भाषेचेही तेच आहे. 'बर्फ' शब्द फारसीतून आला, 'हिम' संस्कृतातून उचलला. आमची स्वतःची अशी एक 'गार' तेवढी आहे, आणि तीही वळवाच्या पावसात अंगणात पडून पाच मिनिटांत विरघळणारी!

तरीही मी हो म्हटले, त्याला कारणे दोन. पहिले कारण ताबो. स्पितीच्या खोऱ्यातला हा बौद्ध विहार सन ९९६ मध्ये स्थापन झाला. मातीच्या भिंती, आत अंधार, आणि त्या अंधारात हजार वर्षांची चित्रे. त्याला 'हिमालयातले अजिंठा' म्हणतात. आद्य मराठी शिलालेख शिकवताना मी वर्गात ज्या काळाभोवती घुटमळतो, साधारण तोच हा काळ. माणसे तिथे उन्हाळ्यात जातात. पण बर्फाने वेढलेला ताबो आपण पाहावा, असे माझ्या मनात पुष्कळ वर्षे होते.

दुसरे कारण जरा अडचणीचे होते. आदल्या हिवाळ्यात भाचा एकटाच नारकंड्याकडे गेला होता. तिथल्या एका सावलीतल्या वळणावर गाडी घसरली आणि रस्त्याच्या कठड्यावर जाऊन आदळली. कठडा होता म्हणून निभावले. "पार्किंगमध्ये कोणीतरी ठोकली" असे त्याने आईला सांगितले, आणि खरे काय ते मला. "मामा, आईला बोलू नकोस." मी बोललो नाही. ताईने एकट्याच्या मिळकतीवर हे पोर वाढवले आहे. तिला हे सांगून काय साधणार, असे मी स्वतःला समजावले. पण तेव्हापासून तिचा फोन आला की माझ्या पोटात खड्डा पडे. तेव्हा निदान या खेपेस आपण जवळ असावे, असे वाटले. जवळ राहून मी काय करणार होतो, हा प्रश्न मला त्या वेळी सुचला नाही.

भाचा मोहालीला इंजिनियर आहे. त्याची जीप म्हणजे डिझेलवर चालणारी थार. ही गाडी आपल्या नाशिकला तयार होते, हे कळल्यावर तिच्याविषयी मला थोडी आपुलकी वाटली. नाशिकच्या माणसाला स्पितीत जितपत थंडी वाजेल, तितपत तिलाही वाजणार असा एक दिलासा! तयारी मात्र त्याने जय्यत केली होती. टपावर दिव्यांची रांग, पुढे ओढकामाचे यंत्र, मागे दोन डबे, आत दोर, आकडे, पट्टे आणि एक लाल रंगाची कुऱ्हाड. मांडव घालायला निघालेल्या कंत्राटदारासारखी गाडी दिसत होती. "फोर-व्हील ड्राइव्ह आहे मामा," तो म्हणाला, "चारही चाकांना ताकद. बर्फात दोन चाकं फिरली तरी उरलेली दोन ओढतात. काळजीच नाही."

पहिल्या दिवशी सिमल्यावरून नारकंड्याला पोचलो. समुद्रसपाटीपासून पावणेनऊ-नऊ हजार फुटांवरचे हे गाव. रस्त्याच्या दोन्ही अंगांना बर्फ होता. गावाच्या अलीकडे एका वळणावर भाच्याने गाडी हळू केली, बोलला काही नाही. कठड्याचे पाच-सहा दगड नव्या सिमेंटात बसवलेले दिसले. कठड्यापलीकडे देवदारांचे शेंडे होते. झाडांचे बुंधे दिसत नव्हते, इतक्या खाली ते होते.

दुसऱ्या दिवशी सतलजच्या काठाने रामपूर, मग किन्नौर. हा जुना हिंदुस्थान-तिबेट रस्ता. लॉर्ड डलहौसीच्या अमदानीत, १८५० साली, त्याचे काम सुरू झाले. किन्नौरात तो कित्येक ठिकाणी कड्याच्या पोटात खोदून काढला आहे; डोक्यावर खडक, बाजूला खडक आणि दुसऱ्या बाजूला काहीच नाही. संध्याकाळी रेकाँग पिओला उतरलो. समोर किन्नर कैलासाची शिखरे गुलाबी झाली होती. पण त्या दर्शनापेक्षा पिओ माझ्या लक्षात राहिले ते तिथल्या एका मिस्त्रीमुळे.

साठीकडे झुकलेला, किन्नौरी हिरव्या पट्टीची टोपी घातलेला, बोटे तेलाने कायमची काळी झालेली. गाडीभोवती त्याने एक चक्कर मारली. टपावरच्या दिव्यांकडे आणि लाल कुऱ्हाडीकडे पाहून तो काही बोलला नाही. आमच्याकडे प्राचार्य नवीन प्राध्यापकाच्या पदव्यांकडे असेच पाहतात. मग त्याने विचारले, "फोर-बाय-फोर कब से लगा रखा है?" नारकंड्यापासून, असे भाच्याने अभिमानाने सांगितले. मिस्त्रीने कपाळाला हात लावला. या जातीच्या गाडीत चारही चाकांचा दांडा गरजेपुरता टाकायचा असतो. वळणावर पुढची आणि मागची चाके सारखे अंतर कापत नाहीत. बर्फावर तो फरक चाक घसरून भरून निघतो. कोरड्या डांबरावर चाक घसरत नाही, आणि सगळा ताण आतल्या दात्यांवर येतो. "बर्फ पे लगाओ, सूखे में निकालो," असे म्हणून तो गाडीखाली शिरला.

पुढचा अख्खा दिवस त्याने आमच्या गाडीला आणि आम्हाला दिला. मी एका उलट्या डब्यावर बसून पाहत होतो, आणि मला कबूल केले पाहिजे की गेल्या कित्येक वर्षांत कोणत्याही चर्चासत्रात मी इतके शिकलो नव्हतो.

आधी त्याने रेडिएटरचे झाकण उघडले आणि काचेच्या नळीत आतले पाणी ओढून घेतले. नळीतला तरंगता काटा पाहून म्हणाला, यात साधे पाणी कोणी घातले? उन्हाळ्यात, चंदीगडच्या रस्त्यावर, भाच्यानेच घातले होते. पाणी गोठले की ते आकाराने सुमारे नऊ टक्के वाढते, आणि इंजिनाच्या लोखंडाला त्या वाढीची दयामाया नसते, ठोकळाच तडकतो. म्हणून त्यात ग्लायकॉल घालतात. निम्मे पाणी, निम्मे ग्लायकॉल असे मिश्रण उणे पस्तीस अंशांच्या आसपास टिकाव धरते. मी शहाणपणाने विचारले, मग सगळेच ग्लायकॉल का भरू नये? मिस्त्री हसला. नुसते ग्लायकॉल उणे बारा-तेरालाच गोठते! दोन गोठणारे पदार्थ एकत्र आले की ते न गोठण्याची ताकद कमावतात, हे ऐकून मला आमच्या कॉलेजातल्या काही विवाहित जोडप्यांची आठवण झाली.

नंतर बॅटरी. थंडीत बॅटरीची ताकद घटते. उणे अठरा अंशांना ती जवळजवळ निम्मीच उरते, आणि नेमके त्याच वेळी घट्ट झालेले इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. शिवाय भरलेल्या बॅटरीतले आम्ल सहसा गोठत नाही, पण उतरलेल्या बॅटरीतले मात्र शून्याखाली थोडक्यातच गोठते. आमची बॅटरी साडेतीन वर्षांची निघाली. भाचा म्हणाला, "अजून चालतेय की." मिस्त्री म्हणाला, "इथे चालते आहे." 'इथे' या शब्दावर त्याने दिलेला भार पुरेसा होता. बॅटरी बदलली.

डिझेलची गोष्ट मला सर्वांत नवलाची वाटली. डिझेलमध्ये मेण असते. थंडी वाढली की खोबरेल तेल थिजावे तसे ते आधी धुरकट होते, मग त्याच्या साक्याने गाळणी बंद होते आणि टाकी भरलेली असून गाडी उपाशी मरते. लडाखमधल्या लोकांसाठी नोव्हेंबर २०१९ पासून उणे तेहेतीस अंशांपर्यंत न थिजणारे खास हिवाळी डिझेल निघाले आहे. त्यापूर्वी पहाडातले ड्रायव्हर त्यात रॉकेल मिसळत, नाहीतर पहाटे टाकीखाली जाळ करीत! मिस्त्रीने हे दोन्ही उपाय हयातभर केले होते. पण नव्या इंजिनाच्या नाजूक पंपाला रॉकेल सोसत नाही, त्याचे वंगण कमी पडते, म्हणून त्याने एक औषधाची बाटली दिली आणि बजावले की मुक्कामाला पोचताना टाकी भरलेलीच पाहिजे. रिकाम्या टाकीतल्या हवेचे दव होते, दवाचे पाणी, आणि पाण्याचा गाळणीत खडा.

बाकीच्या गोष्टी त्याने भराभरा उरकल्या. काच धुण्याच्या टाकीतले साधे पाणी काढून न गोठणारे भरले. नाहीतर चालत्या गाडीत काचेवर फवारा उडवताच डोळ्यांपुढे पांढरा पडदा. दारांच्या रबरांना ग्लिसरीन चोळले, म्हणजे सकाळी ती चिकटून बसत नाहीत. टायरमधली हवा त्याने संध्याकाळी पाहिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी, चाके थंड असताना पाहिली. थंडीत हवा आक्रसते, आणि उबेत भरलेली हवा थंडीत कमी भरते. लाल कुऱ्हाडीकडे बोट दाखवून तो म्हणाला, "ये किस पेड़ के लिए? स्पीति में पेड़ कहाँ?" आणि तिच्या जागी एक फावडे, राखेचे पोते, दोन गोणपाट आणि चार लाकडी ठोकळे ठेवायला लावले.

साखळ्यांवरून मात्र वाद झाला. भाच्याने दोन आणल्या होत्या, पुढच्या चाकांसाठी. मिस्त्री म्हणाला, चार घ्या. पुढे लावाल तर उतारावर गाडीचा मागचा भाग पुढे यायला पाहील. मागे लावाल तर सुकाणू ऐकणार नाही. भाच्याने खर्चाचा विषय काढला. मग मिस्त्री शब्द खर्च न करता गाडीत बसला, भाच्याला शेजारी घेतले, मी मागे. गॅरेजमागच्या गल्लीत, भिंतीच्या सावलीत, नळाचे पाणी सांडून पंधरा-वीस पावले लांब बर्फाचा पापुद्रा झाला होता. सपाट जागा, बाजूला मऊ मातीचा ढीग. चारही चाकांचा दांडा टाकून तो त्यावरून गेला. गाडी मुकाट्याने, न घसरता चढली. परत फिरून त्याच वेगाने आला, सायकलच्या वेगापेक्षा फार नव्हे, आणि पापुद्र्यावर पोचताच त्याने ब्रेक दाबला. पायाखाली कर्र कर्र झाले आणि दोन टनांच्या आसपासची ती गाडी, जणू ब्रेक तिला कोणी सांगितलाच नाही अशी, सरळ जाऊन मातीच्या ढिगाला टेकली.

"चलाने के लिए आपके चार पहिए हैं, बाकियों के दो," मिस्त्री शांतपणे म्हणाला, "रोकने के लिए तो सबके चार ही हैं."

भाचा बोलला नाही. नारकंड्याचे वळण त्याच्या डोळ्यांपुढे असावे. माझ्या डोळ्यांपुढे तरी होते. त्याने आणखी दोन साखळ्या घेतल्या.

मग मिस्त्रीने आम्हाला साखळ्या चढवायला बसवले. अंगणात, कोरड्यात, उन्हात. पहिल्या खेपेला चार साखळ्यांना चाळीस मिनिटे लागली. त्याने त्या काढायला लावल्या आणि पुन्हा चढवायला सांगितल्या. तिसऱ्या वेळी हातमोजे घालून. साखळी चाकावर पसरायची, आतली कडी आधी अडकवायची, मग बाहेरची, गाडी थोडी पुढे घ्यायची आणि पुन्हा आवळायची. माझ्याकडे आतली कडी होती. चिखलात पालथे पडून, हाताला न दिसणारी कडी चाचपताना, पेपर तपासण्याच्या कामाविषयी मला प्रथमच प्रेम वाटले. निघताना मिस्त्रीने एकच गोष्ट दोनदा सांगितली: बर्फ संपला, डांबर लागले, की साखळ्या काढायच्या. थंडी असो, कंटाळा असो, काढायच्या. डांबरावर साखळी रस्ताही खाते आणि स्वतःलाही.

पोवारीच्या पंपावर टाकी भरून घेतली. काझापर्यंत पुढे पंप नाही. पूह मागे पडले, आणि खाबजवळ स्पिती नदी येऊन सतलजला मिळते तो संगम लागला. इथून रस्ता नदी सोडून वर चढतो. एकावर एक वेटोळी. खालचे वेटोळे वरून पाहिले की टाकलेल्या दोरासारखे दिसते. झाडे संपली. डोंगर नुसते मातीचे, राखी, मध्येच जांभळे. वरच्या वेटोळ्यांवर बर्फ लागला. आम्ही खाली उतरलो आणि वीस मिनिटांत चारही साखळ्या चढवल्या. मला इतका आनंद झाला की मी भाच्याशी हस्तांदोलन केले. गाडी झांजा वाजवीत, पालखीच्या चालीने वर चढू लागली.

बर्फ दीडएक मैलच होता. वळण घेऊन रस्ता उन्हाच्या अंगाला आला आणि कोरडे डांबर लागले. भाच्याने गाडी थांबवली. "उतर मामा, काढू या."

वारा असा होता की दार उघडताच नाकातला श्वास टोचला. माझी बोटे आधीच्या वीस मिनिटांतून अजून माणसात आली नव्हती. मी म्हणालो, "अरे, नाको आता आलंच. पुढे पुन्हा बर्फ असणारच. परत कोण चढवत बसणार? हळू ने, म्हणजे झालं." त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले. मामा आहे, प्राध्यापक आहे, आईने बरोबर पाठवलेला माणूस आहे. त्याने गिअर टाकला.

फार लांब गेलो नाही. मागे उजवीकडून थाड थाड असा आवाज सुरू झाला. उतरून पाहतो तो मागच्या एका साखळीची एक बाजू तुटली होती, आणि मोकळे टोक दर फेऱ्याला मडगार्डाला झोडपत होते. दोन कड्या तर सापडल्याच नाहीत.

नाको बारा हजार फुटांवरचे. गावात एक तळे आहे. ते गोठून पांढरे झाले होते आणि त्यावर पोरे घसरत होती. ज्या घरी उतरलो तिथल्या आजोबांनी बाहेर येऊन आधी आमचा हँडब्रेक सोडवला. ओला झालेला ब्रेक ओढून ठेवला तर रात्री तो जागीच गोठतो. गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकांना ठोकळे लावायचे. वायपर काचेवरून उचलून उभे करायचे. बॅटरी काढून आम्ही आत आणली. चुलीच्या खोलीत ती पाहुण्यासारखी कोपऱ्यात बसली होती. आजोबांनी झोपताना खिडकी बोटभर उघडी ठेवली. निखाऱ्याचा धूर दिसत नाही, वासही येत नाही, आणि झोपेतच माणसे जातात. गाडीचेही तेच, बर्फात रुतलेल्या गाडीत इंजिन चालू ठेवून बसायचे असेल, तर धूर सोडणारी नळी आधी फावड्याने मोकळी करायची. हे सांगताना आजोबांनी कोणाची तरी आठवण काढली, पण नाव घेतले नाही.

सकाळी गाडीतला तापमापक उणे सतरा दाखवत होता. बॅटरी बसवली, आणि गाडी दुसऱ्या प्रयत्नाला सुरू झाली. पिओच्या त्या मिस्त्रीला मी मनातल्या मनात वाकून नमस्कार केला. भाच्याने तुटलेली साखळी तारेने बांधून पाहिली, ओढून पाहिली, आणि मान हलवून मागे टाकून दिली.

नाकोच्या पुढे मलिंगचा नाला आहे. हा डोंगर सतत सरकत असतो. उन्हाळ्यात त्यावरून दगड येतात. हिवाळ्यात दिवसा वितळलेले पाणी रस्त्यावर उतरते आणि रात्री जिथल्या तिथे गोठते. आम्ही पोचलो तेव्हा वळणापलीकडचा रस्ता चकाकत होता. पांढरा नव्हे. बर्फ पांढरा असतो तोवर त्यात काहीतरी धरायला असते. हा काचेसारखा होता, खालचे डांबर दिसत होते, आणि तो सगळा पट्टा दरीच्या बाजूला कलला होता. तीस-पस्तीस पावलांचा असेल. कठडा नव्हता.

आम्ही पाहत असतानाच समोरून भाजीचे क्रेट लादलेला एक पिकअप आला, साखळ्या खळखळवीत, गोगलगाईसारखा, आणि निघून गेला. चालकाने हातही केला.

तिथून ताबो साठ किलोमीटरही नव्हते. दोन-तीन तास! चाळिशी ओलांडलेला माणूस, महत्प्रयासाने मिळवलेली रजा, हजार वर्षांची चित्रे, आणि मध्ये तीस पावले. मी म्हणालो, "तो गेला की नाही? आपणही जाऊ. अगदी हळू. मी वाटल्यास पुढे चालत जातो, राख टाकत."

भाचा खाली उतरला. फावड्याच्या दांड्यावर रेलत तो त्या काचेवर पाच-सात पावले गेला. त्याचा पाय दरीच्या बाजूला जरासा सरकला. तो थांबला, तसाच मागे आला.

"त्याच्या चार होत्या, मामा," तो म्हणाला. "आपल्या तीन आहेत. आणि नाही ती मागची उजवी आहे. दरीकडची."

"पण चारही चाकांना ताकद—" मी सुरुवात केली, आणि माझे मलाच ऐकू आले. गॅरेजमागच्या गल्लीत मी मागच्या सीटवर बसलो होतो, मिस्त्रीचे वाक्य मी वहीतसुद्धा लिहून घेतले होते.

"मी मागच्या वर्षी असंच म्हणत होतो," भाचा म्हणाला. त्याने आवाज चढवला नाही. गाडीत बसून त्याने मागचा गिअर टाकला.

त्या रस्त्यावर गाडी वळवायला जागा नव्हती. दीड-दोनशे पावले उलटे यावे लागले. मी मागे चालत होतो, दोन्ही हातांत एकेक ठोकळा घेऊन, दरीच्या बाजूचे चाक पाहत. सबंध प्रवासात माझ्याकडून झालेले उपयुक्त काम ते एवढेच. रुंद जागा आली तेव्हा त्याने गाडी फिरवली, मी आत बसलो, आणि मागे वळून पाहिले नाही असे लिहिले तर ते खोटे होईल. खाबचा उतार उतरेपर्यंत मी मागेच पाहत होतो. उतारावर तो पहिल्या गिअरमध्ये, चारही चाकांच्या खालच्या टप्प्यात, ब्रेकला पाय न लावता इंजिनाच्या धाकाने गाडी उतरवत होता. कोरडे डांबर लागताच न बोलता थांबला. या वेळी त्याच्या आधी मी उतरलो.

संध्याकाळी पिओला फोन लागला. भाच्याने तो मोठ्या आवाजावर ठेवला होता.

"पोचलात का रे ताबोला?"

"नाही आई. अलीकडूनच परत आलो. रस्त्यावर बर्फाची काच होती."

"मामाने फिरवलं असेल," ताई म्हणाली. तिच्या आवाजातला सुटकेचा श्वास आम्हा दोघांनाही ऐकू आला. "वाटलंच मला. म्हणूनच मी म्हटलं होतं, मामा बरोबर असला तरच जा. तू एकटा असतास तर थांबला असतास का?"

भाच्याने माझ्याकडे पाहिले. मी फोनसाठी हात पुढे केला होता. काय बोलणार होतो कोण जाणे. त्याने माझ्या हाताकडे पाहिले न पाहिलेसे केले.

"हो आई," तो म्हणाला, "मामाच म्हणाला, फिरव."

मग फोन माझ्या हातात ठेवून तो साखळ्या काढायला गाडीकडे गेला. त्या पुसून, तेल लावून पोत्यात ठेवायच्या होत्या. तीन, आणि एक तुकडा.